मारिया एकच, मग माऊंट मेरी वेगळी आणि वेलंकनी वेगळी कशी?

माझी मावशी दर सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला जाते. आम्ही हिंदू, घरात गणपती बसतो, गौरी येतात, आणि ते सगळं आटोपलं की (कधी कधी मध्येच) मावशी टेकडी चढते, गुडघा दुखतो म्हणून मेणाचा पाय घेते आणि माऊंट मेरीला वाहते. दोन वर्षांपूर्वी मी बरोबर होतो. रांगेत उभे असताना तिने मला एकदम विचारलं, "काय रे, ही आणि ती वेलंकनीची, दोघी बहिणी का?" मला उत्तर देता येईना. मागे वसईच्या एक बाई होत्या, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बहिणी कसल्या ताई, एकच आहे हो ती." मावशीला काही ते पटलं नाही. ती म्हणाली मग हिची साडी कुठाय? (तमिळनाडूतल्या वेलंकनीच्या मारियेच्या अंगावर साडी असते.)

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीये, म्हणून मग मी त्यावर बरंच वाचलं, जमेल तसं इथे सांगतो.

आधी नियम काय तो पटकन बघू. कॅथलिक शिकवणीत मारिया ही देवी नाही. ती पहिल्या शतकातली, गालीलातल्या नाझरेथ गावची एक ज्यू बाई, येशूची आई. इसवी सन 431 मध्ये इफिससला (हे आजच्या तुर्कस्तानात) मोठी धर्मपरिषद भरली, तिथे तिला 'देवमाता' म्हणायचं की नाही यावर जोरात भांडण झालं आणि म्हणायचं असं ठरलं. पण आराधना फक्त देवाची, संतांना मान, आणि मारियेला संतांपेक्षा वरचा मान, अशा तीन पायऱ्या चर्चने केल्यात आणि त्या एकमेकांत मिसळायच्या नाहीत. 'नमो मरिये' ही प्रार्थना नीट ऐकली तर शेवटी मागणं काय आहे, तर आमच्यासाठी विनंती कर. म्हणजे देणारा देव, ही आपली बाजू मांडणारी. आपल्या भाषेत वशिला म्हणा, वसईतला माझा एक मित्र या शब्दावर चिडतो पण त्याला अजून दुसरा शब्द सुचलेला नाही. बायबलात एक प्रसंग आहे, काना गावात लग्न असतं, ऐन पंगतीत द्राक्षारस संपतो, यजमानाची अब्रू जायची वेळ, आणि ते पहिल्यांदा लक्षात येतं मारियेच्या. ती जाऊन मुलाला फक्त एवढंच सांगते की त्यांच्याकडचा द्राक्षारस संपलाय. बस. लोकांचा तिच्यावर जो विश्वास आहे तो साधारण या एका वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं, कारण लग्नघरात काय कमी पडलं हे ओळखणारी बाई कुठल्याही देशात लोकांना आपलीच वाटणार.

अवतार नाही, रूपं नाहीत, बहिणी नाहीत. वसईच्या बाई बरोबर होत्या. मग इतक्या ठिकाणी इतकी वेगळी का? याचं उत्तर मला तिच्या कपड्यांत कमी आणि तिच्या बोलण्यात जास्त सापडलं.

लूर्दची गोष्ट घ्या. दक्षिण फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगराच्या पायथ्याचं गाव, साल 1858. बर्नादेत सुबिरू नावाची 14 वर्षांची पोर, बाप गिरणीवाला पण धंदा बुडालेला, सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका दमट खोलीत राहायचं. 11 फेब्रुवारीला ती लाकूडफाटा गोळा करायला नदीकाठी गेली आणि तिथल्या कपारीत तिला एक बाई दिसली, पुढे जुलैपर्यंत एकूण 18 वेळा दिसली. बर्नादेत आधी तिला मारिया म्हणतच नव्हती, ती म्हणायची 'आकेरो', तिच्या बोलीत 'ते', 'ते जे काय आहे ते'. आता मजा बघा, या पोरीला फ्रेंच धड येत नव्हतं, ती बोलायची गास्कोन, जिला शहरातले शिकलेले लोक गावंढळ समजत. आणि ती दिसलेली बाईसुद्धा गास्कोनच बोलली! शिवाय काय बोलली, तर तुम्ही पंधरा दिवस इथे यायची कृपा कराल का? 'तुम्ही'. फाटक्या घरातल्या पोरीला अहो-जाहो. बर्नादेतला याचंच सगळ्यात नवल वाटलं. आपल्याकडे एखाद्या सरकारी ऑफिसात कुणी गावाकडच्या म्हातारीला "या, बसा" म्हटलं तर ती घरी येऊन चार वेळा सांगते, तसंच ते.

पुढे 25 मार्चला त्या बाईने आपलं नाव सांगितलं, तेही गास्कोनमध्येच, मी निष्कलंक गर्भसंभव. पोरीला यातलं काही कळलं नाही, विसरू नये म्हणून ती रस्ताभर ते शब्द पुटपुटत पाद्रीबाबांकडे गेली. पाद्री हादरले, कारण ही संज्ञा म्हणजे चारच वर्षांपूर्वी, 1854 मध्ये पोपनी जाहीर केलेला सिद्धांत (मारिया स्वतः आईच्या पोटात आली तेव्हापासूनच आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मतःच लागतं असं मानलेल्या पापाच्या, डागाशिवाय होती असा त्याचा अर्थ, पुष्कळ लोक इथे येशूच्या जन्माशी गल्लत करतात), आणि या पोरीने तो कुठून ऐकला असणार. संशय घेणारे म्हणतात चर्चमध्ये कानावर पडला असेल की. असेलही. पण रोमच्या लॅटिनमधला सिद्धांत लूर्दला आला तो लाकडं वेचणाऱ्या पोरीच्या बोलीतून, ही गोष्ट काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट याच्या आधीची आणि जास्त गुंतागुंतीची, मेक्सिकोची. 1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी अॅझ्टेकांची राजधानी पाडली. नंतर दहा वर्षांनी, डिसेंबर 1531 मध्ये, हुआन दिएगो नावाचा एक बाप्तिस्मा घेतलेला स्थानिक माणूस तेपेयाक टेकडीजवळून जात होता आणि त्याला एक बाई दिसली, ती त्याच्याशी नाहुआत्लमध्ये बोलली, म्हणजे जेत्यांच्या स्पॅनिशमध्ये नाही तर हरलेल्यांच्या भाषेत. तिने सांगितलं बिशपकडे जा आणि इथे माझं देऊळ बांधायला सांग. बिशपनी खूण मागितली. मग डिसेंबरच्या थंडीत फुलं, ती त्याने अंगावरच्या जाड्याभरड्या चादरीत (घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या धाग्यांची, असं परंपरा सांगते) बांधून नेली, बिशपसमोर चादर सोडली तर फुलं खाली पडली आणि कापडावर तिचं चित्र उमटलेलं. तेच कापड आज मेक्सिको सिटीत लावलंय. 1976 मध्ये नवीन मोठी बसिलिका बांधली, आणि गर्दी एवढी की चित्राच्या खाली सरकते पट्टे बसवलेत, एअरपोर्टवर असतात तसले, लोक उभ्या उभ्या वर बघत पुढे सरकत जातात. तिरुपतीला दर्शनरांगेत "चला चला" म्हणत ढकलतात तेच काम तिकडे मशीन करतं.

पण मला जास्त आवडतं ते या कथेतलं बोलणं. नाहुआत्लमधली ही कथा 1649 मध्ये छापली गेली, त्यात हुआन दिएगो तिला काय हाक मारतो माहितीये? माझी धाकटी लेक. पन्नाशी उलटलेला माणूस देवमातेला लेक म्हणतो, आणि ती त्याला माझ्या धाकट्या लेकरा म्हणते. इंग्रजीत वाचलं की विचित्र वाटतं आणि खाली तळटीप द्यावी लागते. आपल्याला नाही लागत, आपल्याकडे बाप तीन वर्षांच्या पोरीला "काय आईसाहेब, जेवलात का" म्हणतोच. शिवाय त्या भाषेत नावाच्या शेवटी 'त्झिन' लावतात, त्यात मानही असतो आणि लाडही, दोन्ही एकदम, आपल्या 'माऊली' सारखं. हुआन दिएगोचा काका आजारी असतो, त्या काळजीत तो तिला चुकवून दुसऱ्या वाटेने जायला बघतो, तर ती तिथेही आडवी येते आणि म्हणते, मी इथे नाही का, तुझी आई? मेक्सिकोत हे वाक्य भिंतीभिंतीवर दिसतं.

आता यातली गाठ. त्याच तेपेयाकवर आधी एका देवीचं ठाणं होतं आणि तिला लोक 'तोनांत्झिन' म्हणायचे. शब्द फोडला तर 'आपली आई'. सहागुन नावाचे एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू, नाहुआत्लचे मोठे अभ्यासक, त्यांनी 1576 च्या सुमारास तक्रार लिहून ठेवलीये की लोक लांबलांबून इथे येतात आणि मारियेलाही तोनांत्झिनच म्हणतात, हे बरोबर नाही, योग्य शब्द 'देवाची आई' असा वापरायला पाहिजे, हे जुन्या देवीला नव्या नावाखाली चालू ठेवणं आहे. म्हणजे आज जे आरोप बाहेरचे करतात ते चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी आतल्याच माणसाने केले होते. त्याच्याही आधी, 1556 मध्ये, दुसऱ्या एका फ्रान्सिस्कनने तर प्रवचनात सरळ सांगितलं की हे चित्र मार्कोस नावाच्या तिथल्याच स्थानिक चित्रकाराने काढलंय. आणि 1531 च्या घटनेची सविस्तर छापील हकिकत शंभरावर वर्षांनी येते, त्यामुळे इतिहासवाले अजून भांडतायत. चर्चने मात्र 2002 मध्ये हुआन दिएगोला संत केलं.

माझं मत विचाराल तर 'देवी बदलली' हेही पूर्ण खरं नाही आणि 'शुद्ध कॅथलिक' हेही नाही. ज्यांची देवळं पाडली, माणसं देवीच्या रोगाच्या साथीत मेली, त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत आई म्हणून हाक मारली, चेहरा सावळा, नावच 'ला मोरेनिता', सावळी. ती त्यांनी धरून ठेवली, आणि 1810 मध्ये इदाल्गो या पाद्र्याने स्पेनविरुद्ध बंड पुकारलं तेव्हा झेंड्यावर हीच होती. तिला म्हणतात ग्वादालुपेची मारिया, आणि गंमत म्हणजे 'ग्वादालुपे' हे नाव मुळात स्पेनमधल्या एका तीर्थाचं, एक्स्त्रेमादुरा प्रांतातलं, जिथून अॅझ्टेकांना हरवणारा कोर्तेस आला होता. साहेबाचं नाव घेऊन साहेबाविरुद्धच उभी राहिली.

सावळी म्हटलं की ब्राझीलची आपारेसिदा आठवते, 1717 मध्ये तीन कोळ्यांच्या जाळ्यात आधी धड आणि मग डोकं असं आलेली छोटी काळी मातीची मूर्ती, आज ती अख्ख्या ब्राझीलची पालक. क्यूबात तिघांना खाडीत तरंगताना सापडली. बांद्र्याच्या मोत माऊलीच्या (म्हणजे माऊंट मेरीच्याच) गोष्टीतही समुद्र आहे, कोळी आहेत आणि समुद्रावरून येऊन मूर्तीचा हात तोडणारे अरबी चाचेही आहेत. जिथे दर्यावर पोट, तिथे ती पाण्यातून येते, यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

पोलंडच्या गोष्टीत मात्र समुद्र नाही, तिथे चालणं आहे. चेन्स्तोखोवा गावच्या यास्ना गुरा मठात मारियेचं एक काळपट चित्र आहे, उजव्या गालावर दोन उभे वार, 1430 च्या लुटीत तलवारीने झालेले. चित्राला भरजरी कपडे आहेत, ते बदलतात सुद्धा (मावशीला सांगितलं, खूश झाली). वॉर्सातून तिथे दर ऑगस्टात पायी दिंडी जाते, 1711 साली प्लेगच्या नवसातून सुरू झालेली, साधारण नऊ दिवस, गाणी म्हणत, वाटेत गावकरी पाणी आणि जेवण देतात. मी पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा आवाज बंद होता, आणि खरं सांगतो फक्त टाळ आणि पताका कमी होत्या.

या चित्राची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1957 पासून चित्राची एक प्रत गावोगावच्या चर्चमध्ये फिरवायला लागले, एका गावातून दुसऱ्या गावात, पालखीसारखी. सरकार कम्युनिस्ट, त्यांना ती गर्दी खुपायला लागली. 1966 मध्ये पोलंडच्या ख्रिस्तीकरणाला हजार वर्षं होत होती, सरकारने चित्र रस्त्यातच ताब्यात घेतलं आणि मठात नेऊन ठेवलं, बाहेर काढायची बंदी. चित्राला अटक म्हणा ना. मग लोकांनी काय केलं, तर रिकामी चौकट फिरवली. नुसती लाकडी चौकट आणि बरोबर मेणबत्ती. त्या चौकटीपुढेही लोक गुडघ्यावर बसत होते, ती गावात आली की रस्ते सजवत होते, आणि हे सहा वर्षं चाललं, 1972 मध्ये प्रत मठातून गुपचूप बाहेर काढेपर्यंत. पुढे या सरकारविरुद्ध उभा राहिलेला कामगार नेता लेक वावेंसा कोटावर हिचाच बिल्ला लावून फिरायचा.

आता जपान, आणि इथे आपला खरा संबंध येतो. जपानात 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पाद्री मारले किंवा हाकलले, आणि नागासाकीच्या आसपासचे हजारो लोक लपून राहिले, एकही पाद्री नाही, साधारण अडीचशे वर्षं. प्रार्थना तोंडी, लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांचा अर्थ विसरलेला, उच्चार झिजलेले, तरी म्हणत राहिले. घरात मारियेची मूर्ती सापडली तर जीव जाणार. मग त्यांनी कान्नोन ठेवली. कान्नोन म्हणजे बौद्धांची करुणेची देवता, चीनमधून येणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या सुंदर मूर्ती, काहींच्या मांडीवर बाळ. बघणाऱ्याला कान्नोन, घरच्यांना मारिया.

ही कान्नोन कोण माहितीये? चीनमध्ये गुआनयिन, आणि त्याच्याही आधी आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन मान कलती करून उभा आहे तो पद्मपाणी, तोच. कान्हेरीला बोरिवलीच्या जंगलात आजही दगडात कोरलेला दिसतो, भोवती त्याचा धावा करणारे संकटातले लोक, त्यात बुडत्या जहाजातलेसुद्धा. तो आपल्या बाजूने निघाला, चीनला जाऊन बाई झाला, जपानला पोचला आणि तिथे त्याने मारियेला पदराआड घेतलं. शाळेच्या सहलीत आम्हाला कान्हेरीला नेलं होतं तेव्हा आम्ही तिथे फक्त माकडं बघितली.

मग 17 मार्च 1865. नागासाकीत परदेशी लोकांसाठी म्हणून ओउरा चर्च नुकतं उघडलं होतं, फादर पेतिजाँ आत प्रार्थना करत होते. उराकामी गावची दहा-पंधरा माणसं आली, त्यातल्या एका बाईने जवळ येऊन हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. आणि पुढचा प्रश्न, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षांनी पहिला पाद्री भेटला आणि विचारलं ते हे. बंदी अजून उठली नव्हती, या धाडसापायी पुढे हजारो उराकामीकर हद्दपार झाले, बंदी गेली 1873 मध्ये.

एवढं सगळं बघितल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली की सगळीकडे लोक पुढे आणि चर्च मागून. आधी कुणीतरी गिरणीवाल्याची पोर, कोळी, शेतकरी, आणि मग बिशप चौकशी घेऊन येतो. आणि चौकशी खरोखर कडक असते, लूर्दला बरं झाल्याचे 7 हजारांहून जास्त दावे नोंदवलेत, डॉक्टरांनी तपासून आणि बिशपनी मान्य करून चमत्कार म्हणून जाहीर झालेले फक्त सत्तरच्या आसपास. आणि मान्यता मिळालेल्या दर्शनावरही विश्वास ठेवायलाच हवा अशी कॅथलिक माणसावर सक्ती नाही, हे बऱ्याच कॅथलिकांनाही माहीत नसतं. मे 2024 मध्ये तर व्हॅटिकनने नियम बदलले, आता शक्यतो 'हे अलौकिक आहे' असं जाहीर करतच नाहीत, फार तर सांगतात की इथे भक्ती करायला हरकत नाही. लॅटिनमध्ये 'निहिल ओब्स्तात'. शब्दशः ना हरकत दाखला! आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांनी असंही सांगितलं की मारियेला 'सहतारक' म्हणू नका, तारणारा येशू एकटाच. 431 साली सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आपल्या देशात बघायचं तर वेलंकनी. तमिळनाडूचा किनारा, तिकडे ती आरोग्य माता, अंगावर जरीची साडी, 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिवशी, सण. भगवे कपडे घालून लोक चालत येतात, मुंडन करतात, समुद्रात डुबकी मारतात, त्यात हिंदू भरपूर. त्याच 8 सप्टेंबरला जोडून बांद्र्याची जत्रा. मेणाचे पाय, हात, बाळ, घर. मेक्सिकोत असलेच पत्र्याचे छोटे हातपाय वाहतात, त्यांना म्हणतात 'मिलाग्रो', म्हणजे चमत्कार.

तोच शब्द गोव्यात आहे. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथली मारिया. लोककथा अशी की सात बहिणी होत्या, त्यातली एक शिरगावची लईराई, होमकुंडातून चालायच्या जत्रेवाली, आणि एक मिराबाई, ती ख्रिस्ती झाली आणि मिलाग्रीस सायबीण म्हणून म्हापशाला राहिली. दोघींच्यात तेल आणि फुलांची देवाणघेवाण सांगतात, लईराईला मोगरा प्रिय. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीसचं फेस्त असतं तेव्हा हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही तिला तेल वाहतात. पाद्रीबाबांना विचारलंत तर ते अर्थातच म्हणतील मारिया एकच, नाझरेथची.

हे मी मावशीला फोनवर सांगितलं. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "म्हणजे बहीण आहे. मी त्या बाईंना तेच सांगत होते." मी म्हटलं अगं ती वेलंकनीची नाही, लईराईची, आणि तेही लोककथेत, चर्च असं मानत नाही. तिने ते ऐकलं की नाही माहीत नाही, कारण लगेच विचारलं म्हापशाला तेल कुठलं चालतं, खोबरेल की गोडं.